लेटरबॉक्सिंग सुरू करायचंय? मग आधी एकच टेकडी निवडा

विचारणारं कुटुंब पुण्याहून ब्रिस्टलला आलेलं आहे, येऊन आठ महिने झालेत. सह्याद्रीत भरपूर भटकंती झाली आहे. प्रश्न तीन आहेत: नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन डार्टमूरवर, म्हणजे नैऋत्य इंग्लंडमधल्या मोकळ्या डोंगराळ माळरानावर (मूरवर), लेटरबॉक्सिंगला सुरुवात कशी करायची, चांगल्या वाटा कुठे मिळतात, आणि महाराष्ट्रात असं काही करता येईल का.

मी एक्सेटरला राहते. तेरा वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी डार्टमूरवर दगडांखाली डोकावत फिरते. माझी मुलंही याच उद्योगात मोठी झाली, त्यामुळे नऊ वर्षांच्या मुलीचा धीर किती वेळ टिकतो याचा मला चांगला अंदाज आहे.

लेटरबॉक्स म्हणजे इथे लाल टपालपेटी नव्हे. दगडाच्या कपारीत दडवलेला घट्ट झाकणाचा डबा, त्यात एक वही आणि एक रबरी शिक्का. तुम्ही तुमची वही आणि तुमचा शिक्का घेऊन जायचं. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला डब्यातल्या वहीत, आणि डबा होता तिथे होता तसा ठेवून द्यायचा. बक्षीस काही नाही, आतली वस्तू घरी न्यायची नाही. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे चिखलात जाऊन शिक्का मारून यायचा?" हो, तेवढंच.

नाव कुठून आलं तेही सांगते, कारण त्यातच तुमची पहिली चूक होण्याची शक्यता आहे. १८५४ मध्ये चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने मूरच्या उत्तर भागातल्या क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचलेल्यांनी आपलं कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पत्रं ठेवायला लागले. मागून जो येईल त्याने ती खाली नेऊन टपालात टाकायची. आपलं पत्र किती दिवसांनी घरी येतं, यावरून तिथे पुढचा माणूस कधी पोचला ते कळायचं. १९०५ मध्ये तिथे वही आली. १९३८ मध्ये दक्षिणेकडे डक्स पूलला विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ दुसरी प्रसिद्ध पेटी बसली. डार्टमूरवरच्या वाटांची त्यांनी लिहिलेली १९०९ची मार्गदर्शिका इथले जुने भटके अजून प्रमाण मानतात. सुरुवातीची कित्येक दशकं पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. हजारोंच्या घरात गेल्या त्या १९७०नंतर.

हे वाचलं की प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच रविवारी क्रॅनमियर गाठायचं असतं. कृपा करून जाऊ नका. आयुष्यातला पहिला ट्रेक हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने करण्यासारखं होईल ते. नावात तळं आहे, प्रत्यक्षात पाणी नाही. काळ्या पीट मातीतला एक खळगा आहे. ओकहॅम्प्टनच्या लष्करी तळापासून जाऊन-येऊन पंधरा किलोमीटरच्या वर चाल, शेवटच्या टप्प्यात धड पायवाट नाही, आणि धुकं आलं तर चारी दिशा सारख्याच दिसतात. शिवाय तो सगळा भाग सैन्याच्या गोळीबार-सरावाच्या हद्दीत येतो. ओकहॅम्प्टन, मेरिव्हेल आणि विल्सवर्दी अशा तीन हद्दी उत्तरेकडे आहेत. सराव असेल त्या दिवशी आजूबाजूच्या टेकड्यांवर लाल निशाणं लागतात, रात्री लाल दिवे. वेळापत्रक आधी जाहीर होतं, ते पाहिल्याशिवाय उत्तर मूरवर पाऊल टाकू नये. आणि जमिनीवर धातूची कोणतीही वस्तू दिसली तरी हात लावायचा नाही. मुलीला हे घरातून निघतानाच सांगा.

म्हणून सुरुवात घरच्या टेबलावर करा, शिक्का कोरण्यापासून. विकतचा शिक्का चालतो, पण वहीत तो बघून कुणालाच मजा येत नाही. स्टेशनरीच्या दुकानातला मोठा, पांढरा, मऊ खोडरबर घ्या. कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र गडद काढा, कागद रबरावर पालथा ठेवा आणि मागून नखाने घासा. चित्र उलटं उतरतं, म्हणजे छाप सुलटी येते. अक्षरांचंही तसंच, त्यासाठी वेगळं डोकं चालवावं लागत नाही. मग लिनोकटच्या, म्हणजे ठसे कोरायच्या बारीक हत्याराने चित्राभोवतीचं रबर काढायचं. दोन गोष्टी सांभाळा. वळणावर हत्यार फिरवू नका, रबर फिरवा. आणि पातं असं धरा की कड बाहेरच्या बाजूला उतरती राहील. रेषेखालून पोखरलंत तर दहा-वीस छापांनंतर ती रेषा तुटते. मुलीच्या हातात पातं द्यायची भीती वाटत असेल तर फोमची शीट कात्रीने कापून बाटलीच्या झाकणावर चिकटवू द्या. शाळेत बटाट्याचे ठसे केलेले असतात, त्याच जातीचं काम आहे.

आमचा पहिला शिक्का मोदकाचा होता. मी मोठ्या हौसेने कळ्या कोरल्या. पहिल्या पाच-सहा पेट्यांच्या वह्यांत मागून आलेल्या लोकांनी आमच्या शिक्क्याशेजारी लिहिलं, "लसूण छान आलाय." इथे प्रत्येकाचं एक टोपणनाव असतं आणि वहीत खऱ्या नावाऐवजी तेच लिहितात. आम्ही तेव्हापासून लसूण कुटुंब आहोत.

वही कोऱ्या, जाड कागदाची घ्या. पातळ कागदावर शाई मागे उमटते आणि अर्धी वही वाया जाते. शाईचा पॅड स्वतःचा न्या. डब्यात असलाच तर तो बहुतेक वाळलेला असतो. शिक्का पुसायला ओलं फडकं हवं, वही ठेवायला झिपची पिशवी हवी. पेन्सिल न्या, कारण ओलसर कागदावर पेन रुसतं.

आता वाटांचा प्रश्न. बाकी सगळ्यापेक्षा यात माझं मत जरा ठाम आहे.

तुम्ही "चांगल्या वाटा" म्हणता तेव्हा मनात एखादी यादी असणार: ही वाट, इतके डबे, इतके तास. डार्टमूरवर यादी आहे, पण ती पहिल्या दिवशी हातात पडत नाही. इथे हंड्रेड क्लब नावाचा जुना क्लब आहे. शंभर पेट्या सापडल्या की त्याचं सदस्य होता येतं, आणि पेट्यांच्या सूचनांची सूची या क्लबातून निघते. मग नवख्याने पहिल्या शंभर शोधायच्या कशा? हा प्रश्न सगळ्यांना पडतो.

मार्ग तीन-चार आहेत. सगळ्यांत सोपा म्हणजे धर्मादाय वाटांची पत्रकं. कुणीतरी एखाद्या कामासाठी निधी जमवायला एका फेरीत डब्यांची माळ लावतं आणि सूचनांचं पत्रक थोड्या पैशांत देतं. लेटरबॉक्सिंगवाल्यांच्या मेळाव्यांत अशी पत्रकं मिळतात. फेरी आखलेली असते आणि डबे एकमेकांच्या जवळ असतात, त्यामुळे मुलांसाठी याहून बरी सुरुवात नाही. दुसरा मार्ग डब्यांतूनच निघतो. सापडलेल्या डब्याच्या झाकणाला किंवा वहीच्या मागे दुसऱ्या डब्याची सूचना चिकटवलेली असते. तिसरा, माणसं. हातात होकायंत्र धरून एकाच दगडाभोवती तीन फेऱ्या मारणारं कुणी दिसलं तर ते आपल्यातलंच समजा आणि बोला. त्यांच्या खिशात बहुधा एखादा फिरता शिक्काही असतो, म्हणजे डब्यात न ठेवता माणसाबरोबर फिरणारा, जो मागितल्याशिवाय मिळत नाही. चौथा मार्ग सूचनेशिवाय नुसतं शोधायचं. जुनी माणसं टॉरवर येतात, म्हणजे टेकडीच्या माथ्यावरच्या ग्रॅनाइटच्या राशीपाशी, आणि कपाऱ्या बघत एक चक्कर मारतात. रिकाम्या हाताने परतलेली मी फारशी पाहिली नाहीत.

त्यामुळे माझा सल्ला असा की एक टेकडी धरा आणि वर्षभर तीच फिरा. दर रविवारी नवा टॉर गाठणारे लोक वर्षाअखेर थकतात, आणि त्यांना एकही जागा नीट ओळखीची झालेली नसते. एकाच डोंगरावर पाच वेळा गेलं की कुठला दगड कुणी हलवला आहे ते डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं. ज्या दगडाची शेवाळाची बाजू आत गेली आहे, ज्या भोकाच्या तोंडाशी एकच धोंडा जरा जास्तच नीट बसवलेला आहे, तिथे माणसाचा हात लागलेला असतो.

तुमच्यासाठी मी हेटॉर निवडीन. ब्रिस्टलहून मोटारवेने एक्सेटर साधारण १३० किलोमीटर, तिथून पुढे तीसेक. खालच्या वाहनतळाजवळ स्वच्छतागृह आहे. मुलं बरोबर असताना वाटेच्या सौंदर्याआधी मी हे बघते. माथा ४५७ मीटर, वाहनतळापासून वर जायला फार वेळ लागत नाही. मागे उतरलं की जुनी ग्रॅनाइटची खाण लागते आणि तिथून दगडी रुळांचा ट्रामवे निघतो. रूळ लोखंडाचे नाहीत, ग्रॅनाइटच कोरून केलेले आहेत. १८२० मध्ये हा मार्ग सुरू झाला, घोडे त्यावरून दगडाच्या गाड्या ओढत, आणि १८३१ मध्ये खुल्या झालेल्या लंडन ब्रिजला इथला दगड गेला. आमची मुलं डबे विसरून त्या रुळांवरूनच चालत बसायची. तिथून सरळ रेषेत अडीच किलोमीटरवर हाउंड टॉर आहे, पायथ्याशी ओसाड पडलेल्या मध्ययुगीन वस्तीची जोती आहेत. जोत्यांत डबा शोधू नका. पुराणवस्तूंत, दगडी रांगांत, कुंपणाच्या भिंतींत डबा ठेवायचा नाही असा नियमच आहे, तेव्हा तिथले दगड हलवून पदरी फक्त पाप पडेल.

पावसाळी दिवसासाठी पोस्टब्रिज. दगडी फरशांचा जुना पूल, जवळ जंगल, आणि त्यातून बेलेव्हर टॉरची चढण. गाडी नसेल तर एक्सेटरहून ओकहॅम्प्टनची रेल्वे नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे, आणि स्टेशनवरून चालतच मूरच्या कडेला पोचता येतं. त्या बाजूला जाताना मात्र लाल निशाणांचं लक्षात ठेवा.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा, एक्सप्लोरर मालेतला ओएल २८. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. फोनवर नकाशा असला तरी कागदाचा हवाच, कारण सूचना त्याच्याच भाषेत लिहिलेल्या असतात. क्रॅनमियर पूल म्हणजे एसएक्स ६०३ ८५८. एसएक्स ही अक्षरं नकाशावरच्या मोठ्या चौकोनाची. पहिले तीन आकडे त्यात पूर्वेकडे किती ते सांगतात, पुढचे तीन उत्तरेकडे किती. सहा आकड्यांनी शंभर मीटरचा चौकोन मिळतो. शंभर मीटरच्या चौकोनात हजार दगड असू शकतात, म्हणून पुढे होकायंत्राचे अंश दिलेले असतात.

समजा सूचना अशी आहे: चर्चचा मनोरा ८४ अंश, टॉरची डावी कड २१० अंश, सपाट दगडाखाली. म्हणजे डब्याजवळ उभं राहून पाहिलं तर मनोरा ८४वर आणि कड २१०वर दिसते. तुम्ही चौकोनात जायचं, दोन्हींचे अंश मोजायचे आणि जुळेपर्यंत सरकत राहायचं. नवखे इथे तासभर गोल फिरतात. युक्ती अशी: दोन किलोमीटरवरचा मनोरा एक अंशाने हलायला तुम्हाला ३५ मीटर सरकावं लागतं. दोनशे मीटरवरची कड साडेतीन मीटरमध्येच एक अंश हलते. म्हणून लांबच्या खुणेवरून ढोबळ रेषा पकडा आणि त्या रेषेवर पुढे-मागे होत जवळच्या खुणेवरून नेमकी जागा काढा. मुलीला जवळच्या खुणेचं काम द्या. आकडा भराभरा बदलतो, तिला मजा येईल.

जुनी सूचना हाती लागली तर आणखी एक भानगड आहे. चुंबकीय उत्तर दिशा, म्हणजे होकायंत्र दाखवतं ती, जागची हलत असते. गेली काही वर्षं ब्रिटनच्या या भागात ती आणि नकाशावरची उत्तर जवळजवळ एकच आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर डॉर्सेटमधल्या लँग्टन मॅट्रॅव्हर्स गावात नकाशाची, चुंबकाची आणि खरी अशा तिन्ही उत्तरा एका रेषेत आल्या होत्या. पण चाळीस वर्षांपूर्वी होकायंत्राने मोजलेल्या अंशांत आज पाच-सहा अंशांचा फरक पडतो. शंभर मीटरवर तो नऊ-दहा मीटर होतो, आणि तेवढ्यात चुकीचा दगड नक्की मिळतो.

यात मी स्वतः सपशेल आपटले आहे. दुसऱ्या की तिसऱ्या वेळी आम्ही अख्खी दुपार एका उतारावर घालवली आणि एकही अंश जुळेना. नवऱ्याने शेवटी माझ्या गळ्यातल्या फोनकडे बोट दाखवलं. त्याच्या कव्हरला चुंबकाचं बटण होतं आणि मी होकायंत्र त्याच्यासमोरच धरत होते. तेव्हापासून मोजताना फोन पाठीवरच्या पिशवीत जातो.

दगडाखाली हात घालण्याबद्दल तुम्हाला फार सांगायला नको. घोणसांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ती शिस्त असतेच. इथे ॲडर नावाचा विषारी साप आहे, उन्हात दगडांवर येतो. लाजाळू आहे, पण कपारीत आधी काठी, मग डोळा, मग हात. खरा त्रास गोचिडीचा होतो. उन्हाळ्यात घरी आल्यावर मुलीच्या गुडघ्यामागे आणि केसांच्या कडेला नीट बघा, कारण गोचिडीमुळे लाइम रोग होऊ शकतो. नेचे उन्हाळ्यात कमरेइतके वाढतात आणि अर्ध्या पेट्या त्यात बुडतात. म्हणून शोधायला नोव्हेंबर ते मार्च बरा. फक्त डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, हे गृहीत धरून दुपारी दोनला परत फिरा. दलदलीत ज्या जागेचा हिरवा रंग सगळ्यांत सुंदर दिसतो, तिथे पाय ठेवू नका.

शिष्टाचार थोडाच आहे, पण तो पाळतात. डबा काढताना कुणी बघत असेल तर थांबा, सँडविच खा. डबा उचलून पाच-दहा मीटर दूर जाऊन बसा आणि तिथे शिक्के मारा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला मूळ जागा कळत नाही. परत ठेवताना आधी होते तेच दगड, त्याच क्रमाने. झाकण दोनदा दाबून बघा, कारण ओली वही म्हणजे मेलेला डबा. आणि नेमकी जागा दाखवणारा फोटो कुठेही टाकू नका. या शेवटच्या गोष्टीवरून मी ओळखीच्या लोकांशी भांडले आहे.

काही जण जिओकॅशिंगशी, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने डबे शोधण्याच्या खेळाशी, गल्लत करतात. ते धाकटं भावंड आहे. मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहाच्या संकेतांतली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये पहिला डबा ठेवला गेला. त्यात फोन तुम्हाला दगडापर्यंत नेतो. मुलांना तेही आवडतं, पण वहीत चित्र उरत नाही. अमेरिकेत लेटरबॉक्सिंग पसरलं ते १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात आलेल्या लेखानंतर. तिथले नातेवाईक विचारत असतील तर त्यांना ॲटलस क्वेस्ट या संकेतस्थळावर आपल्या गावाचं नाव टाकायला सांगा. तिथे सूचना होकायंत्राऐवजी बहुधा कोड्यात आणि गोष्टीत असतात, आणि पहिल्या शंभराची अट नाही.

महाराष्ट्राचं विचारलंत. किल्ल्यांवर नको, हे माझं स्पष्ट मत आहे. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारखा परिसर अभयारण्यात येतो. तिथे प्लास्टिकचा डबा ठेवून येणं म्हणजे कचरा टाकणंच. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, तेही योग्यच आहे. माकडं तो सोडणार नाहीत आणि सोडलाच तर जूनचा पाऊस सोडणार नाही. पण आजोळची वाडी असेल, कुणाचं शेत असेल, तर घरच्यांना सांगून चार-पाच डबे लावा. मे महिन्यात भावंडं जमतात तेव्हा दुपारच्या उन्हात बाहेर पडू नका म्हणून ओरडावं लागेल, एवढाच धोका. आम्ही गुहागरजवळ माझ्या मामाच्या वाडीत तीन डबे ठेवले होते. एक मुंग्यांनी घेतला. दुसरा नारळ पाडायला आलेल्या गड्याला सापडला, आणि त्याने वहीत शिक्क्याऐवजी अंगठा उमटवला. तिसरा अजून तिथेच आहे, विहिरीच्या मागच्या गडग्यात.

शिक्का तयार झाला की सांगा. हेटॉरला मी येईन बरोबर, मार्चआधीचा कुठलाही रविवार चालेल. मुलीला वेलिंग्टन बूट घाला आणि मोज्यांचे दोन जास्तीचे जोड गाडीत ठेवा.